चोवीस-सत्तावीस

नट साधा होता. मळणीयंत्राच्या शाफ्टच्या टोकाला बसणारा, सहा कोनांचा, सत्तावीस नंबरचा. सकाळपासून त्याने तीन माणसांना घाम फोडला होता आणि स्वतः मात्र केसभरही हलला नव्हता.

चिमटी शेडच्या दारात उकिडवी बसून पुलीच्या आऱ्यांमध्ये लाकडी ठोकळा दाबून धरत होती. ठोकळा सुटला की पुली फिरते, पुलीबरोबर नटही फिरतो, आणि ओढणाऱ्याची सगळी ताकद हवेत जाते. म्हणून ठोकळा धरणं हे फार महत्त्वाचं काम आहे, असं बाबा म्हणाले होते. महत्त्वाचं काम म्हणजे ज्यात हात आपले भरून येतात आणि नाव दुसऱ्याचं होतं, एवढं चिमटीला सोळाव्या वर्षापर्यंत कळून चुकलं होतं. तिला हजेरीपटावर एक चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते शाळेपुरतं. यंत्राच्या पोटात पडलेले नट आणि वॉशर लहानपणापासून तिच्याच बारीक बोटांनी बाहेर निघायचे, त्यामुळे घरीदारी सगळ्यांना ती चिमटीच.

आदल्या संध्याकाळी पहिल्याच खळ्यावर ड्रम रडायला लागला होता. आधी कुईकुई, मग खरखर, मग असा आवाज की खळ्यावरच्या कुत्र्याने शेपूट घातली. बाबांनी पट्टा उतरवला, शाफ्टला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका खरंच बसला होता. बेअरिंग गेलं होतं, आणि यंत्र रातोरात ओढून शेडमध्ये परत आणलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दर हंगामाआधी बाबा एक नवं बेअरिंग आणून फळीवर ठेवत, आणि ते तिथे तेलकट कागदात शहाण्या मुलासारखं बसलेलं होतं. पण बेअरिंगपर्यंत जायचं तर पुली काढायला हवी, आणि पुलीच्या तोंडावर हा नट बसला होता, दारात आडव्या पडलेल्या म्हाताऱ्यासारखा.

बाहेर आभाळ दोन दिवसांपासून कुंद होतं. सात खळ्यांवर पेंढ्या रचून तयार होत्या. या सात खळ्यांवर यंत्र फिरलं की प्रत्येक खळ्यावरून ठरलेलं धान्य घरात येई, आणि तेच वर्षभर पुरवायचं असे. पहिलं खळं दूधवाल्या मावशीचं. ती सकाळीच कॅन घेऊन दारात उभी राहिली, यंत्राकडे पाहिलं, बाबांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाली की उद्या दुपारपर्यंत थांबते. त्यापुढे थांबायला ढग काही माझ्या गोठ्यात बांधलेले नाहीत. मग पलीकडच्या गावातून लाल मशीन बोलवीन, रागवायचं नाही.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त पाना जरा जास्त जोरात उचलला.

तो पाना म्हणजेच सगळ्या भानगडीचं मूळ होतं.

शेडच्या मागच्या भिंतीवर आजोबांनी काळ्या रंगाने बारा पान्यांची चित्रं काढली होती. पाना खिळ्याला टांगला की आपल्याच सावलीवर बसल्यासारखा दिसायचा. संध्याकाळी काम संपलं की आजोबा भिंतीकडे एक नजर टाकायचे. एखादी सावली रिकामी दिसली की पाना सापडेपर्यंत घरात कुणाला जेवण नाही. सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत बारा पाने, प्रत्येकाला दोन तोंडं, दोन नंबर.

आता त्यातल्या सहा सावल्या रिकाम्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा घर वाटलं, शेड वाटली, अंगणात छातीएवढी भिंत घातली, आणि सगळ्यात शेवटी पान्यांपाशी गाडं अडलं. पूर्ण संच कुणीच सोडेना. तेव्हा मध्यस्थीला वकील बसले होते. हे वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत. त्यांचं शिवणयंत्र होतं, आणि दुसऱ्याच्या भांडणात बोलायची हौस होती, म्हणून वकील. त्यांनी पाने ओळीने जमिनीवर मांडले आणि निकाल दिला. एक याला, एक त्याला. थोरल्याला पहिला, धाकट्याला दुसरा, थोरल्याला तिसरा. सहा-सहा. तंतोतंत न्याय. आजही ते ही गोष्ट छाती फुगवून सांगत.

तेव्हापासून बाबांच्या घरात आठ नंबर नव्हता, बारा नव्हता, सतरा नव्हता. चिमटी त्या भिंतीवरूनच अंक शिकली, आणि पहिलीत असताना तिने बाईंना ठासून सांगितलं होतं की आठ काकांकडे असतो. बाबांकडे एकवीस-तेवीस होता, पंचवीस-अठ्ठावीस होता. मधला चोवीस-सत्तावीस भिंतीपलीकडे. काकांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्यांचीही तीच रड असणार. पण ते कुणाला विचारायचं? दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. गरजच पडली तर चिमटीला बोलवायचं. "काकांना सांग, त्यांच्या पाण्याचा लोंढा आमच्या दारात येतो." "बाबांना सांग, पाणी उतारानेच जातं." अकरा वर्षं ती पोस्टमन होती, आणि पोस्टमनला निदान सायकल तरी मिळते.

तर आता सत्तावीसच्या नटावर बाबा अठ्ठावीसचं तोंड घालत होते. एका नंबरची फट. ती भरायला जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून नटाला गुंडाळलेली. हे बाबांचं नेहमीचं होतं. पत्र्याच्या पट्ट्या लावून लावून त्यांनी अकरा हंगाम काढले होते, आणि त्यात त्यांना एक प्रकारचा अभिमानही होता. नट सैल असेल तेव्हा पट्टी चालते. पण हा नट मागच्या दोन हंगामांत उघडलाच नव्हता. गंजाने तो शाफ्टशी असा एक झाला होता की कुठे लोखंड संपतं नि कुठे गंज सुरू होतो ते कळेना.

बाबांनी रॉकेल सोडलं. वाट पाहिली. पुन्हा पाना बसवला, दोन्ही पाय रोवले, ओढला. पट्टी कचकन दुमडली, पाना घसरला, आणि बाबांच्या उजव्या हाताची बोटं पुलीच्या कडेवर आपटली. दोन बोटांच्या सांध्यांची साल निघाली. आधी पांढरं दिसलं, मग लाल.  त्यांनी बोटं तोंडात घातली, रॉकेलची चव लागल्यावर थुंकले आणि नवी पट्टी कापायला घेतली.

"लांब नळी घाला पान्याच्या शेपटीत," वकील म्हणाले. ते कधी आले ते कळलंच नव्हतं. पिंपावर बसून त्यांनी समजावून सांगितलं की हात जितका लांब तितकं बळ जास्त, हे तर शाळेत शिकवतात. चिमटीला शाळेत शिकवलं होतंच. तिला हेही माहीत होतं की नळीने बळ वाढतं, तोंड घट्ट होत नाही. पण ठोकळा धरणाऱ्याचं मत कोण विचारतो?

नळी आली. नळीच्या टोकाला बाबा आणि शेजारचा गवंडी असे दोघं लटकले. क्षणभर वाटलं की सुटला. पुली कण्हली, चिमटीच्या हातातला ठोकळा चिरकला, आणि मग सगळंच एकदम सुटलं. नट सोडून. पाना उडाला, नळी गिरकी घेऊन चिमटीच्या नडगीवर बसली, गवंडी मागच्या मागे पेंढ्यात पडला. वकील पिंपावरच होते. ते म्हणाले, थोडं उजवीकडून ओढायला हवं होतं.

चिमटी नडगी दाबून बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते नडगीमुळे की वकिलांमुळे हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने वाकून नटाकडे पाहिलं. सकाळी त्याला सहा कोन होते. आता दोन कोन चमकत होते, घासून गुळगुळीत झाल्यासारखे.

"बाबा, कोन जातायत," ती म्हणाली.

बाबांनी पट्टी लावली.

वकिलांनी मग नट तापवायला सांगितलं. बाबांनी शेडच्या तिन्ही बाजूंना रचलेल्या सुक्या पेंढ्याकडे पाहिलं आणि मग वकिलांकडे. वकील म्हणाले, मी आपलं सुचवलं. नळवाल्याकडे दातेरी जबड्याचा मोठा पाना होता, पण तो पाना घेऊनच परगावी कामाला गेला होता, आठवड्याने येणार. बाजारातून आणलेला जबडा सरकणारा एक पाना घरात होता. त्याचा जबडा इतका ढिला की ओढायला गेलं की तोंड वासायचा. दुपारपर्यंत तोही घसरून झाला. बाबांच्या तिसऱ्या बोटाचीही साल गेली.

आईने जेवण शेडमध्येच आणलं. बाबांना घास धरता येईना, म्हणून ते डाव्या हाताने जेवले. आई समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहिली आणि मग भिंतीवरच्या रिकाम्या सावलीकडे. चोवीस-सत्तावीसची सावली वरून दुसऱ्या ओळीत होती. एवढ्या वर्षांत तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.  ती ताट उचलून गेली, आणि ते न बोलणं चिमटीला जास्त लागलं.

"बाबा, मी काकांकडून घेऊन येऊ? पाच मिनिटांचं काम आहे."

बाबा नवी पट्टी कापत राहिले.

"दहा पावलांवर टांगलाय तो."

"पाना उसना मागायचा नाही," बाबा म्हणाले. "आजोबांचा नियम आहे."

आजोबांचा नियम पाना उसना द्यायचा नाही असा होता, मागायचा नाही असा नव्हता, हे चिमटीच्या अगदी जिभेवर आलं होतं. आणि काका म्हणजे काही उसनवारीतले नव्हेत, त्याच आजोबांचे दुसरे चिरंजीव होते. पण बाबांच्या मानेची शीर उभी राहिली होती. ती शीर उभी राहिली की घरात सगळ्यांनी बसायचं असतं. चिमटीने पुन्हा ठोकळा उचलला.

संध्याकाळपर्यंत बाबांनी आणखी अकरा पट्ट्या कापल्या. चिमटीने मोजल्या, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. प्रत्येक वेळी तेच. बसव, रोव, ओढ, कच्च, घसर. प्रत्येक वेळी पान्याचा लोखंडी ठणका भिंतीवर जाऊन आपटायचा आणि परत यायचा. शेवटच्या वेळी पाना घसरला नाही, नुसता फिरला. पूर्ण गोल. बाबांचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. नट जागेवर होता. पाना त्याच्याभोवती फिरला होता, वाटीभोवती बोट फिरवावं तसा.

सकाळी दूधवाली मावशी आलीच नाही. तिचा निरोप आला. ढग खाली उतरलेत, लाल मशीन पहाटेच निघालंय. शेजारच्या खळ्याचा मालकही त्याच फेरीत आपलं उरकून घेतोय. बाकीचे पाच दुपारपर्यंत बघतील.

आईने निरोप ऐकला, डोक्याला फडकं बांधलं आणि पायात चपला घातल्या.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"लाल मशीनला पेंढ्या द्यायला बायका हव्यायत." आईचा आवाज अगदी रोजचा होता. "दिवसाचं पायलीभर धान्य देतात म्हणे. काही तरी यायला हवं ना घरात."

मळणीयंत्रवाल्याची बायको दुसऱ्याच्या मशीनवर पेंढ्या द्यायला चालली होती, गावाच्या मधल्या रस्त्याने, सगळ्यांसमोरून.  बाबा शेडमध्ये गेले आणि रॉकेलची बाटली शोधू लागले. बाटली त्यांच्या समोरच होती.

चिमटीच्या डोक्यात तेव्हा काहीतरी तुटलं. नटाऐवजी तीच सुटली म्हणा. तिने शाळेचं दप्तर ओट्यावर टाकलं, अंगणातून बाहेर पडली, भिंतीला वळसा घातला आणि काकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

काका दुकानाच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात उघडलेला पंप होता, पण हात त्याच्यावर नव्हते. मांडीवर एक फडकं होतं, आणि फडक्यात चोवीस-सत्तावीस. स्वच्छ, तेल लावलेला, सत्तावीसचं तोंड वर.

"किती नंबरचा आहे?" काकांनी विचारलं.

"सत्तावीस."

"माहीत आहे. काल सकाळपासून अठ्ठावीस घसरतोय. आवाजावरून कळतं." त्यांनी मान हलवली. "मग नळी लावली होती. तेव्हाच म्हटलं, मेला तो नट."

चिमटी बघतच राहिली. "तुम्ही दिवसभर ऐकत होतात? मग दिला का नाही?"

"मागितला का कुणी?"

"आता मी मागतेय."

"तू मागतेयस, की त्याने पाठवलंय?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर मात्र दोन्हीकडून अडचणीचं. बाबांनी पाठवलं म्हणावं तर खोटं, आणि खोटं काकांना आवाजावरून कळणार. नाही पाठवलं म्हणावं तर काका पाना पुन्हा खिळ्याला अडकवतील. दोघांचा पीळ एकाच आजोबांकडून आलेला. चिमटीला इतका वैताग आला की ती दारातच मटकन बसली.

"यंत्राने पाठवलंय," ती म्हणाली. "यंत्र काही तुमच्याशी भांडलेलं नाही ना?"

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. "द्या हो आता," त्या आतूनच म्हणाल्या. "कालपासून पुसून पुसून झिजवलात तो. या पंपाचा मालक तुम्हाला चार वेळा विचारून गेला."

काकांनी पाना फडक्यासकट पुढे केला. चिमटी पळतच निघाली. पाना जड होता, आणि हातात छान बसत होता. तिला वाटलं, हे इतकं सोपं होतं? एवढ्यासाठी बाबांनी तीन बोटं सोलून घेतली?

बाबांनी पाना पाहिला. कुणी आणायला सांगितला होता, असं त्यांनी विचारलं. कुणीच नाही, असं तिने सांगितलं. मग बराच वेळ ते पाना तळहातावर तोलत राहिले. दांड्यावर एक खोच होती. त्यांचा अंगठा आपोआप तिच्यावर जाऊन थांबला. तरुणपणी विहिरीच्या कठड्यावर हा पाना त्यांच्याच हातून पडला होता, आणि त्यापायी आजोबांनी त्यांना दोन दिवस पान्याला हात लावू दिला नव्हता. एवढं चिमटीला ऐकून माहीत होतं.

त्यांनी पट्टी काढून टाकली आणि सत्तावीसचं तोंड नटावर घातलं.

तोंड सहज गेलं. फार सहज. बाबांनी ओढलं. पाना कच्चकन घसरला.

पुन्हा घातलं. पुन्हा घसरला. त्यांनी नट चारही बाजूंनी फिरून पाहिला, जणू एखादा कोन मागे लपून बसला असेल. एकही उरला नव्हता. अखेर बरोबरचा पाना आला होता, आणि ज्याला तो बरोबर बसावा तो नटच उरला नव्हता.

बाबांनी पाना खाली ठेवला. टाकला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी जपून फडक्यावर ठेवला, आणि त्या जपण्यानेच चिमटीचा बांध फुटला.

"दहा पावलं होती, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवायचा नव्हता, तरी चढला. "मी काल सकाळीच आणला असता. सहाच्या सहा कोन शाबूत होते तेव्हा. तुम्ही अकरा पट्ट्या कापल्यात. आई तिकडे लाल मशीनला पेंढ्या देतेय. दहा पावलं."

बाबा खाली बघत राहिले. त्यांच्या बोटांवरचे ओरखडे काळे पडले होते. मानेची शीर मात्र उभी राहिली नाही.

"छन्नी लागेल," भिंतीकडून आवाज आला.

काका पलीकडे उभे होते. भिंतीवरून त्यांचं डोकं आणि खांदे दिसत होते, आणि हातात छन्नी. छन्नी वाटणीत त्यांच्याकडे गेली होती. घण बाबांकडे आला होता. वकिलांचा न्याय तिथेही पोचला होता.

बाबांनी काकांकडे पाहिलं नाही. "त्याला सांग, घण माझ्याकडे आहे."

चिमटी हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "त्यांना ऐकू येतं."

 मग काकांनी छन्नी अलीकडे टाकली, दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि एक पाय वर घेतला. दुसरा काही येईना. गुडघा धरला होता. ते भिंतीवर तसेच आडवे अडकले, वाळत घातलेल्या गोधडीसारखे. बाबांनी जाऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढून अलीकडे घेतलं. सुटले एकदाचे, असं चिमटीच्या मनात आलं, पण ती गप्प बसली.

काम नाजूक होतं. नटाच्या पाठीवर छन्नी उभी धरायची आणि घणाने मारून नट चिरायचा. कमी मारलं तर नुसता ठणका. जास्त मारलं तर छन्नी नट फोडून शाफ्टचे आटे खाणार, आणि आटे गेले की नव्या नटाला बसायला जागाच नाही. मग यंत्र शेडमध्ये ठेवून त्याच्यावर कोंबड्या बसवायच्या. म्हणूनच बाबांनी एकट्याने हे केलं नव्हतं. धरणारा एक लागतो आणि मारणारा दुसरा, आणि धरणाऱ्याचा हात मारणाऱ्याच्या भरवशावर असतो.

काकांनी छन्नी धरायला हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला आणि स्वतः धरली. सोललेल्या बोटांनीच.

"पक्कडीत धर," काका म्हणाले.

"पक्कडीत हलते."

"बोट जाईल."

"मार."

काकांनी घण तोलून पाहिला. बाबांनी डोळे मिटले नाहीत. चिमटीने मात्र मिटले, आणि ठोकळा दोन्ही हातांनी आवळून धरला. पहिला घाव बसला. दुसरा. प्रत्येक घावाचा हादरा ठोकळ्यातून तिच्या खांद्यापर्यंत येत होता. दोघं बोलत होते ते एवढंच. जरा डावीकडे. हं. अजून. थांब. घे. अकरा वर्षांनंतर एवढंच, पण त्यात एकही शब्द चिमटीच्या हातून गेला नव्हता.

सातव्या घावाला आवाज बदलला. ठण् ऐवजी टिच्. नटाच्या पाठीवर केसाएवढी फट उमटली.

"बस," बाबा म्हणाले, आणि काकांनी घण हवेतच थांबवला.

चिमटीने बोटं आत घातली आणि चिरून सैल झालेला नट फिरवून बाहेर काढला. आटे शाबूत होते. एका ठिकाणी छन्नीचा चावा लागला होता, कानसीने निघण्याजोगा. दोघांनीही तो बोटाने चाचपला, आधी एकाने, मग दुसऱ्याने.

नवा नट काकांच्या डब्यात मिळाला. पुली निघाली, बेअरिंग बदललं, पुली बसली. शेवटी नट घट्ट करायला बाबांनी चोवीस-सत्तावीस उचलला. ना पट्टी, ना नळी. तोंड नटावर बसलं, एकदाच ओढलं आणि नट गच्च झाला. बाबा काही वेळ तसेच उभे राहिले, पाना नटावरच ठेवून. अकरा वर्षांत त्यांच्या हाताला हा नट असा लागलाच नव्हता.

यंत्र दुपार टळून गेल्यावर तिसऱ्या खळ्यावर पोचलं. आई तिथे चालतच आली. केसांत, भुवयांत, कानांत भुसा, आणि फडक्यात बांधलेलं पायलीभर धान्य. तिने फडकं चिमटीकडे दिलं आणि आपल्या यंत्रासमोर पेंढ्या द्यायला उभी राहिली. हात तेच, काम तेच. दोन खळी गेली ती गेलीच. त्यामुळे वर्षाच्या शेवटी धान्याविना जाणारे महिने कसे काढायचे हे तिने तेव्हाच मनात मांडायला घेतलं असणार, कारण त्या दिवशी ती एकदाही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "पाना त्याला देऊन ये."

चिमटी गेली. काका म्हणाले, अजून चार खळी व्हायचीत, राहू दे त्याच्याकडे. ती परत आली. बाबा म्हणाले, त्याच्या वाटणीचा आहे, आपल्याला नको. ती पुन्हा गेली. काका म्हणाले, त्याला सांग, मला आत्ता लागत नाही. काल अंगणात हाताला हात लावून काम केलेले हेच ते दोघं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळलासुद्धा नव्हता, नुसता जरा शेकला होता.

तिसऱ्या फेरीला चिमटी अंगणाच्या मधोमध थांबली. शाळेला उशीर झाला होता. नडगी ठणकत होती. नखांतलं काळं तीनदा धुऊनही निघालं नव्हतं. ती भिंतीपाशी गेली, पाना भिंतीच्या माथ्यावर आडवा ठेवला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मी आता जाणार नाही. ज्याला लागेल त्याने घ्यावा."

दप्तर खांद्याला लावून ती निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी पाना तिथेच होता. कुणीही नेला नव्हता. चिमटीने त्याच्याकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात दोघांनाही एक शेलकी शिवी दिली आणि आत गेली. पहाटे दव पडलं. तिला दारातून दिसलं की बाबा तोंड धुवायला बाहेर आलेत आणि भिंतीपाशी थांबलेत. पान्यावर दवाचे थेंब होते. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेचं फडकं काढलं, पाना उचलून दोन्ही तोंडं आतून-बाहेरून पुसली, तेलाचं बोट फिरवलं आणि तो पुन्हा भिंतीवर ठेवला. बरोबर मध्यावर. अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मग त्यांनी वाकून पाहिलं. पान्याच्या शेजारी, भिंतीच्या माथ्यावर, आणखी एक पाना पडलेला होता. सोळा-सतरा. काल संध्याकाळी तो तिथे नव्हता.

बाबांनी त्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. नंतर ते शेडमध्ये गेले, आणि चिमटीला खिळ्यावरून काहीतरी लोखंडी उतरवल्याचा आवाज आला. कितीचा ते तिला आवाजावरून सांगता आलं नाही. अजून तेवढा कान तयार झाला नव्हता.